दूधआई, आया आणि आईबाप

सकाळी साडेआठच्या सुमाराला मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या मोठ्या वसाहतीच्या फाटकाशी उभं राहिलं, तर माणसांचे दोन प्रवाह दिसतात. एक बाहेर पडणारा आणि एक आत शिरणारा. बाहेर पडतात ते नोकरीला निघालेले आईवडील. आत येतात त्या स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्यांच्या आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका. मूल सांभाळायला येणाऱ्या बाईला घरातलं मूल ‘मावशी’ म्हणतं. संध्याकाळी सात-साडेसातला हेच प्रवाह उलटे वाहू लागतात. मधले दहा-अकरा तास मूल मावशींजवळ असतं. त्यानं पहिलं पाऊल टाकलं, पहिला शब्द उच्चारला, तो पुष्कळदा मावशींच्या साक्षीनं.

या दहा-अकरा तासांविषयी आईच्या मनात एक टोचणी असते. बापाच्या मनातही असते. पण त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मूल आपल्याला दुरावेल का? उद्या ते मावशींनाच आई समजू लागेल का? त्यात घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळी बाई असं नव्हतं. मुलाला आईच लागते.’

त्यांच्या आणि त्यांच्याही आधीच्या वेळी खरोखरच असं नव्हतं का, हे जरा मागे जाऊन पाहावं असं मला वाटलं. मी इतिहासकार नाही. कविता लिहिणारा माणूस शब्दांच्या मागे जातो, आणि या बाबतीत शब्दच मोठी साक्ष देतात. संस्कृतात ‘धात्री’ आहे, फारसीत ‘दाया’ आहे. मराठीत दाई आहे, दूधआई आहे. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. एकाच स्त्रीचं दूध प्यालेल्या मुलांना उर्दूत ‘दूधशरीक’ म्हणतात, मराठीत दूधभाऊ. मूल फक्त आईच सांभाळते अशा समाजाला एवढे शब्द कशाला लागले असते?

चरकसंहिता घ्या. तिच्या शारीरस्थानात धात्री कशी निवडावी याचं बारकाईनं वर्णन आहे. तिची प्रकृती, तिचा स्वभाव, तिचं दूध कसं असावं, हे सारं सांगितलं आहे. बाळाच्या खोलीचा आणि खेळण्यांचाही विचार आहे. खेळणी रंगीत असावीत, आवाज करणारी असावीत. पण जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील अशी नसावीत. एक सूचना तर आजही घराघरांतून भिंतीवर लावावी अशी आहे. मूल रडलं किंवा जेवेना झालं, तरी राक्षस-पिशाच्चांची नावं घेऊन त्याला भिववू नये. आपण अजून बागुलबुवाला बोलावतो, पोलिसाला बोलावतो, आणि तेही जमलं नाही तर मोबाईल हातात देतो.

धात्रीच्या गुणांची ती यादी वाचताना मी एका शब्दापाशी थांबलो. धात्रीचं स्वतःचं मूल जिवंत असावं, अशी तिथं अट आहे. वैद्याच्या नजरेनं ती योग्यच होती. ज्या बाईचं मूल जगलं-वाढलं तिचं दूध चांगलं, असा तो हिशेब. पण त्या जिवंत मुलाचा उल्लेख तेवढ्यापुरताच येतो. त्याची आई दुसऱ्याच्या घरी पाळण्याशी बसली असताना ते कुठं होतं, कुणाजवळ होतं, हे यादीला विचारायचं नव्हतं. हे मूल आपण लक्षात ठेवू. पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आधी आईच्या टोचणीकडे वळू. दुसऱ्या स्त्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेलं मूल आईला विसरतं का?

सहाव्या शतकात मक्केतल्या चांगल्या घरांत तान्ह्या मुलांना वाळवंटातल्या टोळ्यांकडे वाढायला पाठवण्याची रीत होती. मोकळी हवा मिळावी, शुद्ध अरबी कानावर पडावी, हा हेतू. हजरत महंमद पैगंबरांचं बालपण अशा रीतीनं साद टोळीच्या हलीमा नावाच्या स्त्रीकडे गेलं. वडील जन्माआधीच वारले होते. काही वर्षांनी मूल आईकडे, आमिनांकडे, परत आलं. पण ते सहा वर्षांचं असताना प्रवासात आईही गेली. तिथून त्याला मक्केला घेऊन आली ती घरातली सेविका उम्मे ऐमन. मुस्लिम घरांत या दोन स्त्रियांची नावं आजही आदरानं घेतली जातात. परंपरा सांगते की पुढे हलीमा भेटायला आल्या तेव्हा पैगंबरांनी स्वतःची चादर त्यांच्यासाठी अंथरली. आणि उम्मे ऐमनना ते आईनंतरची आई म्हणत. त्याच वेळी आमिनांच्या कबरीपाशी जाऊन ते रडले, असंही तीच परंपरा सांगते. म्हणजे तीन आया एका मनात राहिल्या आणि कुणी कुणाची जागा घेतली नाही.

कुरआनाच्या दुसऱ्या अध्यायात या विषयावर सरळ व्यवहाराचं मार्गदर्शन आहे. अंगावर पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षांचा. त्याआधी तोडायचं असेल तर आई आणि बाप दोघांनी एकमेकांशी विचारविनिमय करून ठरवावं. दुसरी स्त्री ठेवायची असेल तर दोष नाही. मात्र ठरलेला मोबदला रीतसर द्यावा. मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये. मला यातला ‘दोघांनी’ हा शब्द मोलाचा वाटतो. मूल कुणाजवळ ठेवायचं हा निर्णय एकट्या आईच्या डोक्यावर टाकलेला नाही. आपल्याकडे अजून बाई मिळाली तर सूनबाई सुटली आणि बाई गेली तर सूनबाई अडकली, अशीच भाषा ऐकू येते.

दुसरं उदाहरण मुघल घराण्यातलं. अकबराचा जन्म १५४२ सालचा, अमरकोटचा. पुढच्याच वर्षी हुमायून आणि हमीदा बानू यांना जीव वाचवण्यासाठी इराणकडे पळावं लागलं. जेमतेम वर्षाचं मूल दायांच्या हवाली मागे राहिलं. त्यांत जीजी अंगा होती, माहम अंगा होती. ‘अंगा’ म्हणजे दूधआईच. दोन वर्षांहून अधिक काळानं काबूलला आईमुलाची भेट झाली. जमलेल्या बायकांच्या गर्दीतून लहानग्या अकबरानं आपली आई बरोबर ओळखली, अशी कथा अबुल फझलनं नोंदवली आहे. दरबारी इतिहासकाराची कथा आहे, तेव्हा तिला थोडी कलाबूत असणारच. पण दुसरी नोंद तितकीच बोलकी आहे. सोळावं शतक संपता संपता जीजी अंगा वारली, तेव्हा बादशहानं स्वतः तिच्या जनाज्याला खांदा दिला आणि शोक म्हणून डोक्याचे केस आणि मिशा उतरवल्या. तिचा मुलगा अझीझ कोका पुष्कळदा उद्धटपणे वागे. अकबर ते सोसून घेई. आम्हा दोघांमध्ये दुधाची नदी वाहते, ती मला ओलांडता येत नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे. आणि आई हमीदा बानू? तिचा मान त्याच्या दरबारात शेवटपर्यंत सर्वांत वरचा राहिला.

आपल्या घरचं उदाहरण याहून जवळचं आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती. पुरंदरच्या पायथ्याकडच्या कापूरहोळ गावातली धाराऊ गाडे ही कुणबी घरातली बाई बाळराजांची दूधआई झाली. राजे सव्वादोन वर्षांचे असताना, सप्टेंबर १६५९ मध्ये, राजगडावर सईबाई वारल्या. त्यानंतरच्या दोनच महिन्यांत अफझलखानाचं प्रकरण, मग पन्हाळ्याचा वेढा. शिवाजी महाराज घरी असणार कधी? ते मूल धाराऊच्या आणि जिजाऊंच्या हाताखाली वाढलं. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या सोबतीला राहिले. आणि मूल नऊ वर्षांचं झाल्यावर वडिलांनी त्याला आपल्याबरोबर आग्र्याला नेलं, हे तर आपण शाळेतच शिकलो. दूधआई होती, आजी होती, वडील सतत दौडीवर होते. पण मूल कुणाच्या तरी नजरेआड पडलं आहे असं झालं नाही. पाहणारी माणसं आपसांत जोडलेली होती.

मग मुलाला दुखतं ते नेमकं कशानं? याचं उत्तर देणारी एक गोष्ट मुंबईत सुरू होते.

रडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. मुलाला एक आया होती, पोर्तुगीज रोमन कॅथलिक, म्हणजे बहुधा गोव्याकडची. आणि मीता नावाचा हिंदू नोकर होता. आया त्याला पहाटे बाजारात फिरायला नेई, दुपारच्या उन्हात झोपवताना गोष्टी सांगे, गाणी म्हणे. मूल देशी भाषेत विचार करी, देशी भाषेत स्वप्नं पाही. संध्याकाळी त्याला कपडे घालून जेवणघरात आईबापांकडे पाठवलं जाई, तेव्हा आया बजावून सांगे की आता पप्पा-ममांशी इंग्रजी बोल. मग ते अडखळत, मनातल्या भाषेचं भाषांतर करत इंग्रजी बोले. आजच्या काही घरांत हेच चित्र दिसतं. फक्त भाषांची नावं बदलली आहेत. तरीही किपलिंगनं त्या दिवसांची आठवण आयुष्यभर सुखाची म्हणूनच जपली. आयाचं बोट धरून चाललेलं मूल संध्याकाळी आईबापांकडे पोचत होतं. तेवढं त्याला पुरत होतं.

दुःख पुढे आलं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांची रीत अशी की मुलं पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना विलायतेला पाठवायचं. इथली हवा मानवत नाही, मुलांना देशी वळण लागतं, अशी त्यामागची भीती. १८७१ मध्ये रडयार्ड आणि त्याची तीन वर्षांची बहीण यांना आईबापांनी इंग्लंडला साउथसी इथं नेलं आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून शोधलेल्या एका कुटुंबात पैसे देऊन ठेवलं. मुलांना काही न सांगता ते मुंबईला परतले. पुढची पाच-सहा वर्षं त्या घरात मुलाला मार, उपहास आणि अपमान यांखेरीज फारसं काही मिळालं नाही. १८७७ मध्ये आई आली. रात्री झोपण्यापूर्वी पापा घ्यायला ती वाकली, तर मुलानं चापट चुकवावी तसा हात वर केला. किपलिंगच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे त्यानं स्वतः लिहिलं आहे. तू हे कुणाला सांगितलं का नाहीस, असं मावशी पुढे विचारत असे. त्यावर त्याचं म्हणणं असं की मुलं जनावरांहून फारसं अधिक सांगत नाहीत. जे वाट्याला येतं ते असंच असायचं, असं धरून चालतात.

दोन्ही ठिकाणी मूल पगारी माणसांजवळ होतं. मुंबईत त्याच्या आणि आईबापांच्या मध्ये एक दार होतं, ते रोज संध्याकाळी उघडत होतं. साउथसीला ते दार बंद झालं. मुंबईत आया जे करत होती ते आईबापांच्या डोळ्यांसमोर होतं. साउथसीला कुणी पाहणारं नव्हतं आणि मुलाला सांगायला कुणी नव्हतं. मला वाटतं, सारा फरक यात आहे.

मूल आणि आई यांच्यातल्या बंधाचा शास्त्रीय अभ्यास करणारा जॉन बोल्बी हाही आयाच्या हाती वाढलेला. १९०७ साली लंडनच्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या या मुलाला दुपारच्या चहानंतर तासभर आई भेटे. ज्या तरुण दाईवर त्याचा जीव होता ती तो चार वर्षांचा होण्याच्या सुमाराला घर सोडून गेली. आई गमावल्यासारखं ते दुःख होतं, असं त्यानं मोठेपणी सांगितलं. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानं लिहिलेल्या अहवालानं जगभर खळबळ उडवली, आणि त्याच्या नावावर ‘आईनं घरीच बसावं’ असा निष्कर्ष काढणारेही पुष्कळ निघाले. पण त्याचं स्वतःचं बालपण वेगळंही सांगत होतं. मुलाचा जीव दाईवर जडतो, आणि ती एके दिवशी नाहीशी झाली तर ती जखम खरी असते. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास झाला. मूल किती तास दुसऱ्याजवळ होतं यापेक्षा घरचे लोक त्याला कसा प्रतिसाद देतात याचा परिणाम अधिक दिसला. मात्र घरातही दुर्लक्ष आणि बाहेरही सांभाळणारी माणसं सारखी बदलताहेत, अशी जोडी जमली की मुलाला त्रास होतो, हेही दिसलं. म्हणून बाई बदलणं ही बल्ब बदलण्यासारखी गोष्ट नव्हे. ती जाणार असेल तर मुलाला सांगून जावी. तिला निरोप द्यावा, पुढेही अधूनमधून भेटू द्यावी.

इथवर आपण एका पारड्याबद्दल बोललो, घरातल्या मुलाच्या. तराजूला दुसरंही पारडं असतं. चरकाच्या यादीतलं ते जिवंत मूल तिथं बसलेलं आहे.

राजस्थानची पन्ना दाई सर्वांना ठाऊक आहे. चितोडचा लहान वारस उदयसिंह याला मारायला बनवीर आला, तेव्हा तिनं राजपुत्राला हलवलं आणि त्याच्या बिछान्यावर स्वतःच्या मुलाला निजवलं, ही सोळाव्या शतकातली कथा. तिच्या स्वामिनिष्ठेचे पोवाडे झाले, पुतळे झाले. चंदन या तिच्या मुलाकडून ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही. ती त्यागाची गोष्ट आहे यात शंका नाही. पण तो त्याग करायची पाळी नेहमी एकाच बाजूच्या मुलावर का येते, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही.

आपल्या हिरकणीकडेही मी याच नजरेनं पाहतो. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं मूल. ती रात्री कडा उतरून गेली. दंतकथा म्हणते की महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. तिचं नाव आज एसटी स्थानकांतल्या आणि कचेऱ्यांतल्या ‘हिरकणी कक्षा’ला दिलं आहे, हे फार चांगलं झालं. हिरकणी ही कामावर गेलेली आई होती. तिची पाळी संपेपर्यंत फाटक बंद झालं होतं. गडाच्या बंदोबस्तासाठी बुरूज हवाच होता. पण बुरूज झाल्यावर पुढच्या हिरकणीला ती वाटही उरली नाही, हेही खरं.

इंग्रजी अमदानीत हे पारडं आणखी दूर गेलं. सुट्टीवर विलायतेला निघालेली साहेबांची कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला आया बरोबर नेत. लंडनला पोचल्यावर काहींना परतीचं तिकीट न देता सोडून दिलं जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ उघडावं लागलं. १९०० साली ते हॅकनी भागात आलं. २०२२ मध्ये त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला. साहेबांची मुलं कडेवर घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या त्या बायकांपैकी कितीजणींची मुलं मागे राहिली असतील, कुणाच्या दारात वाढली असतील, ते फलकावर मावणारं नाही.

आणि दूर कशाला जा? मुंबईच्या गिरणगावात बायका सकाळी कामावर जात, तेव्हा तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ देऊन निजवत. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर रडत नसे, भूक मागत नसे. १९२० च्या दशकातल्या चौकश्यांत ही गोष्ट पुढे आली आणि १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही तिची दखल घेतली गेली. ज्यांना दाई परवडत नव्हती त्यांची दाई अफू होती. ती आई निष्ठुर होती असं कुणी म्हणू नये. तिच्यापुढे निवड करायला दुसरं काही नव्हतं.

याच मुंबईत पहिला उपायही झाला. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकानं त्याचा भार उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ चा मुंबईचा कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. १९६१ मध्ये सबंध देशासाठी कायदा झाला. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरलं. दिवसातून चारदा तिथं जाण्याची मुभा आईला मिळाली. बापाला पाळणाघरात जावंसं वाटेल, हे मात्र कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसरा प्रयोग ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या पालघरच्या, आदिवासी भागात झाला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. मुली शाळेत का येत नाहीत याचं कारण त्यांना कडेवर दिसलं. आईबाप मजुरीला गेले की धाकटं भावंड आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. तीही दाईच होती. बिनपगारी, आणि स्वतः मूल असलेली. तेव्हा त्यांनी शाळेलाच पाळणाघर आणि बालवाडी जोडून दिली. ताईनं भावंडाला पाळण्यात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. बालवाडी लोकांच्या अंगणात नेली, तिची अंगणवाडी झाली. हा शब्द पुढे १९७५ मध्ये सरकारी योजनेतून देशभर गेला. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरं सुरू केली. ती मुंबई-पुण्यापर्यंत पोचली. यात मला एक सूत्र दिसतं. मूल सांभाळणं हे एका बाईच्या नशिबाचं काम न ठेवता चारचौघांनी वाटून घेण्याचं काम आहे, हे या माणसांनी ओळखलं.

तरीही एक जागा रिकामी राहिली. सव्वीस आठवड्यांची रजा कचेरीतल्या बाईला मिळते. तिच्या घरी मूल सांभाळायला येणाऱ्या मावशी बाळंत झाल्या तर तो कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कारण घर ही काही आस्थापना नव्हे. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला, हे पाऊल चांगलंच होतं. पण दर महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा हे अजून घरमालकिणीच्या मनावर असतं. आणि घरमालकाच्याही, हे विसरू नये.

एवढ्या सगळ्या जुन्या गोष्टींतून आजच्या आईबापांनी काय घ्यावं? मला वाटतं, आधी टोचणी थोडी कमी करावी. मुलाच्या मनात दोन-तीन माणसांना सहज जागा असते. मावशींच्या गळ्यात पडणारं मूल म्हणजे हरवलेलं मूल नव्हे. उलट ते कुणावर तरी विश्वास ठेवायला शिकलेलं मूल आहे. मात्र ते संध्याकाळचं दार रोज उघडलं पाहिजे. घरी आल्यावर फोन बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास त्याच्या दिवसाची हकीकत ऐकायची. बोलता येत नसेल तर मावशींकडून ऐकायची, आणि ती उलटतपासणी वाटता कामा नये. आंघोळ, झोपवणं, भरवणं यांतलं एखादं काम आईनं आणि एखादं बापानं आपल्याकडेच ठेवावं, कुणाला देऊ नये. मूल रडलं तर काय करायचं, भीती दाखवायची की नाही, हे घरातल्या सर्वांनी आणि मावशींनी मिळून ठरवावं. खोलीत कॅमेरा लावल्यानं कदाचित चोरी कळेल. पण मूल त्या कॅमेऱ्याला काही सांगायला जात नाही.

आणि दुसरं पारडं. कापूरहोळच्या धाराऊच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या घराशी नातं जोडलं गेलं होतं. आपल्या घरी रोज येणाऱ्या मावशींच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक आहेत का? ती या घटकेला कुणाजवळ आहेत? त्यांच्या शाळेत पालकांची सभा असेल त्या दिवशी मावशींना सुट्टी मिळते का? त्यांना ताप आला तर मावशी घरी राहू शकतात का, त्या दिवसाचा पगार न गमावता? आपल्या मुलाला आईबाप पुरेसे मिळतात की नाही, याची काळजी आपण करतो आणि ती करायलाच हवी. मावशींच्या मुलालाही त्याची आई पुरेशी मिळावी, एवढी तजवीज त्या पगारात आणि त्या वेळापत्रकात असली पाहिजे. नाहीतर आपल्या पाळण्याचा समतोल दुसऱ्या कुणाचा तरी पाळणा रिकामा ठेवून साधलेला असेल.